बायनाबाईचा टाक

भिवराबाईंनी कमरेची पिशवी सोडली, आतून लाल फडक्याची पुरचुंडी काढून तळहातावर उघडली, आणि बायनाबाई मेलेली आहे हे बायनाबाईला त्या घटकेला कळलं. पुरचुंडीत चांदीचा टाक होता, अंगठ्याच्या पेराएवढा. त्यावर एक बाई उठवलेली. हात जोडलेले, नाकात नथ, डोळ्यांच्या जागी दोन टोचे. "बार्शीच्या सोनाराकडून मुद्दाम करून आणला," भिवराबाई म्हणाल्या. "सवतीचा टाक. पहिली बाई अहेव गेली असली की दुसरीनं तिला गळ्यात बांधायचं, रोज हळदकुंकू लावायचं, नवं लुगडं आधी तिला दाखवायचं आणि मग आपल्या अंगाला लावायचं. नाहीतर ती आडवी येते, असं माझी आई म्हणायची. मी शाळेत पोरींना भूगोल शिकवते, आक्का, पण सवतीशी वाकडं घ्यायची माझी छाती नाही बाई! सोनारानं विचारलं, नाव काय? म्हटलं, बायनाबाई. सुंदररावांची बायनाबाई." चुलीपुढं बसलेल्या बायनाबाईच्या हातातून पळी सुटली आणि खिरीच्या पातेल्यात बुडाली.

मेल्याची बातमी मेलेल्याला सांगायला कधी कुणी जात नसतं. ती शेजाऱ्यांना कळते, भाऊबंदांना कळते, लांबच्यांना कोपरा फाडलेलं कार्ड जातं. हिला मात्र समोर बसून, हसत हसत सांगितली. चांगली धडधाकट बाई, पस्तिशीची, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, सकाळीच दीड भाकरी खाऊन कामाला लागलेली! "अगं बया," एवढंच तिच्या तोंडून निघालं. भिवराबाईंना ते कौतुक वाटलं आणि त्यांनी टाक तिच्या हातात दिला. चांदी कमरेच्या उबेनं गरम झाली होती. बायनाबाईनं ती बाई उलटी केली, सुलटी केली. उलट्या बाजूला नुसता खळगा होता. तिनं टाक पटकन परत केला, विस्तव उचलून टाकावा तसा.

या घरात तिला बायनाबाई म्हणणारं कुणी नव्हतं. बीडला बिंदुसरेच्या काठच्या पेठेत, भाड्याच्या या दोन खणांत, ती आक्का होती. सुंदररावांची थोरली बहीण, वय चाळीस सांगायचं, नवरा हैदराबादेला चाकरीत. आणि सुंदरराव म्हणजे तिचा लग्नाचा नवरा रामकिसन, गेवराईच्या कचेरीबाहेर बसणारा अर्जनवीस. मोडीत लिही, उर्दूत लिही, रडणाऱ्याचं रडणं कागदावर असं उतरवी की तहसीलदारानं रुमाल काढावा. एवढा हात, पण त्याला गेवराईत दोन वेळची भाकर सुटेना. तेव्हा त्यानं पुण्याच्या एका साप्ताहिकात चार ओळी छापायला धाडल्या. 'वधू पाहिजे. मराठा गृहस्थ, वय अडतीस, निजाम इलाख्यात सव्वाशे एकर काळी जमीन, प्रथम पत्नी मयत, मूलबाळ नाही. विधवा चालेल. देणंघेणं नको, स्वभाव प्रेमळ असावा.' सव्वाशे एकर! याच्या बापानं स्वतःच्या रानात कधी सव्वाशे पावलं टाकली नव्हती. पण पत्रं आली, ढिगानं आली. सोलापूरकडून आली, नगरकडून आली. बायनाबाई दळायला बसली की तो जात्याशेजारी बसून ती वाचून दाखवायचा, आणि उत्तरात काय लिहायचं ते तीच सांगायची. तिला अक्षर येत नव्हतं. पण बाईला काय ऐकावं वाटतं ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक? "तुमचे पाय दुखतात का, असं इचारा," ती सांगायची. "आजवर कुनी इचारलं नसंल तिला." मयत बायकोचं नावही तीच पुरवायची. एकीला रुक्मिणीबाई सांगितलं होतं, एकीला सावित्रीबाई. आपल्या जागेवर दुसरीच कुणी मारून टाकायची, आणि पुन्हा जात्याचा खुंटा धरायचा.

पहिली आली ती वच्छलाबाई, कुर्डुवाडीची. तिला गोडातून धोतरा घातला आणि बार्शीच्या धर्मशाळेत नेऊन ठेवली. उठली तेव्हा गळा मोकळा, हात मोकळे. तिनं कुठं तोंड उघडलं नाही. पाट लावायला, दुसरा नवरा करायला, घरातून गुपचूप निघालेली रांडमुंड बाई फसली तर सांगणार कुणाला? आपलीच माणसं म्हणणार, तुला कुणी जा म्हटलं होतं? पाटाचं एक बरं असतं, त्याला मांडव नाही, वाजंत्री नाही, वऱ्हाड नाही. दोन-चार माणसांत उरकतात, नवरीचं तोंड त्या दिवशी कुणी बघत नाही. शेजारीपाजारी आपण होऊन दार लावून घेतात. दुसरी भामाबाई. नगरकडची, किडकिडीत, हसताना तोंडावर हात धरणारी. ती उठलीच नाही. रामकिसननं कडब्याखाली घालून तिला चौसाळ्याच्या वाटेवरच्या पडक्या विहिरीत टाकून दिली आणि परत येऊन हात धुता धुता म्हणाला, "मेलेली बरी. बोंब न्हाई." बायनाबाई तीन दिवस ओकत होती. चौथ्या दिवशी तिनं भामाबाईच्या पाटल्या हातात घालून बघितल्या. त्या तिला बरोबर बसल्या. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, आणि दळताना, धुताना, भाकर थापताना हातांकडं लक्ष गेलं की तिला ते आठवायचं.

"मला नाही वाटत दुसरा कुणी पुरुष असं लिहील," भिवराबाई म्हणत होत्या. सकाळी मोटारीतून उतरल्यापासून त्यांचं तोंड थांबलं नव्हतं. करोडगिरीच्या नाक्यावर जकातीच्या शिपायानं ट्रंक कशी उचकटली, आणि आपण दागिने कमरेला बांधून कशा साळसूद उभ्या राहिलो, हे त्यांचं दोनदा सांगून झालं होतं. चाळिशीची, भारदस्त बाई. बार्शीच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण. तेराव्या वर्षी कपाळ पुसलेलं, सत्तावीस वर्षं भावाच्या घरी खालमानेनं काढलेली, आणि आता त्याला न सांगता निघून आलेली. बोलता बोलता त्या पाय लांब करून घोटे दाबत होत्या. घोट्यांना सूज होती. "पहिल्याच पत्रात विचारलं त्यांनी, उभं राहून शिकवता, तुमचे पाय दुखतात का? तिथंच मी हो म्हटलं, आक्का. हसू नका." बायनाबाई हसत नव्हती. ते वाक्य तिचं होतं. या बाईची पत्रं रामकिसननं तिला वाचून दाखवली नव्हती. दोन महिने तो ओट्यावर एकटाच लिहीत बसायचा, आणि हिनं विचारलं तर म्हणायचा, आता मला येतंय, तू कशाला डोकं शिणवतीस? "आणि तुमच्या भावजयीबद्दल काय लिहिलंय! वाचू?" भिवराबाईंनी ट्रंकेतून पत्र काढलंसुद्धा.

त्या वाचायला लागल्या, शाळेत धडा वाचावा तशा, खणखणीत. 'बायना चिडली की बोलत नसे. चुलीमागे जाऊन गुळाचा खडा तोंडात धरून बसे, आणि तो विरघळला की तिचा रागही विरघळे. आभाळ गडगडले की जात्याचा खुंटा घट्ट धरी. झोपेत हात गालाखाली. तिला मूल झाले नाही म्हणून माझी आई तिला काय काय बोलली, आणि मी तिथेच बसून होतो. मी तिला जन्मात एकदा चांगले म्हटले नाही. ती गेल्यापासून घरातल्या पाण्याला चव नाही.' बायनाबाईला चुलीचा धूर लागला. निदान भिवराबाईंना तसं वाटलं असावं, कारण त्यांनी फुंकणी पुढं सरकवली. सतरा वर्षं! सतरा वर्षांत या माणसानं भाजीला मीठ कमी आहे याच्यापुढं तिच्याविषयी काही म्हटलं नव्हतं, आणि त्यानं हे सगळं बघितलं होतं. गुळाचा खडासुद्धा. त्याला ठाऊक होतं, आणि ठाऊक असून तो गप्प होता, आणि बोलला तो या परक्या मास्तरणीजवळ. तिला त्या मेलेल्या बायनेचा हेवा वाटला. 'ती गेल्यापासून.' तिनं हलकेच विचारलं, "कशानं गेली म्हनून लिवलंय?"

भिवराबाईंनी मान वर केली. "तुम्हाला नाही ठाऊक? नणंद ना तुम्ही?"

"मी हैदराबादंला हुते की तवा," बायनाबाई म्हणाली. "मला कार्ड आलं निस्तं. गेली म्हनून."

"तापानं गेली. दोन दिवसांत. शेवटी त्यांच्याच हातचं पाणी प्याली, असं लिहिलंय." भिवराबाईंनी पत्राची घडी केली. "भाग्याची म्हणायची."

रामकिसन ओट्यावर बसून बोरूला टोक करत होता. ती पाण्याची भरलेली कळशी घेऊन बाहेरून आली आणि त्याच्याजवळून आत जाताना थांबली. गल्लीत दुपारचं ऊन पडलं होतं, समोरच्या भिंतीला गोवऱ्या वाळत होत्या. भिवराबाई आत असल्या की बायनाबाई नवऱ्याला 'अरे' म्हणायची, 'तू' म्हणायची; थोरली बहीण ना ती! पहिल्या खेपेला त्याची तिला इतकी मौज वाटली होती की तिनं उगाच तीनदा पाणी मागवलं होतं त्याच्याकडून. आता आवाज निघाला तो बायकोचाच. "माझं नाव कावून घातलं तुमी?"

"हळू बोल," तो म्हणाला. "दुसरं सुचलं न्हाई. खरं लिवाय लागलं की हात अडत न्हाई, येवढंच."

"मग मेली कावून लिवलं?"

त्यानं बोरू डोळ्यासमोर धरून टोक बघितलं. "ह्यात मेलेलीच लागती, बायने. जित्तीला कोन इचारतंय?" आणि मग, जिभेवर आलेलं दुसरंच काही गिळावं तसं थांबून, "खीर झाली का?"

ती कळशी घेऊन तशीच उभी राहिली. त्याचं म्हणणं खरंही असेल. लिहिणारा माणूस, हाताशी जे असतं ते वापरतो. याच्या हाताशी ती होती. ती मनाला असं समजावत होती आणि मन ऐकत नव्हतं. दोन दिवस ताप, शेवटचं पाणी. हे त्याला सुचायला किती वेळ लागला असेल? की ते आधीच त्याच्या डोक्यात ठेवलेलं होतं? विहीर ठाऊक असलेली जगात दोन माणसं होती, एक तो आणि एक ती. वच्छलाबाई बोलणार नाही, भामाबाई बोलणार नाही, ही आतली मास्तरीण संध्याकाळनंतर बोलणार नाही. मग बोलणारं राहिलं कोण? परवा त्यानं तिला विचारलं होतं, तू झोपेत बडबडतीस, ठाऊक हाय का? तिला तेव्हा ती माया वाटली होती. आता कमरेवरच्या कळशीतलं पाणी डुचमळून तिच्या पायांवर पडत होतं, आणि ती आत जायचं पाऊल उचलेना. "बघती काय? वाढ," तो म्हणाला.

तिनं वाढलं. भाकरी, वांग्याचं भरीत, भात, आणि वाटीत गव्हाची खीर. काठाला चेप आलेल्या वाटीत रामकिसननं स्वतः पूड कालवून ठेवली होती. ती वाटी भिवराबाईंच्या ताटात. अशा वेळी तिचे हात आपोआप चालत. भामाबाईच्या वेळीही चालले होते. पाट मांडला, पाण्याचा तांब्या ठेवला, भिवराबाईंना "बसा" म्हटलं. रामकिसन आत येऊन भिंतीला टेकला. नवऱ्यानं पाटाच्या आधी बायकोसंगं जेवू नये, असं सांगून तो बाजूला राहायचा. भिवराबाई पाटाजवळ आल्या, बसायला म्हणून वाकल्या, आणि परत सरळ झाल्या.

"अगं बाई, विसरलेच होते की! आक्का, या घरात मी पहिला घास अशी कशी खाईन? ती बाई अहेव गेली. तिच्या नावानं सवाष्ण जेवल्याशिवाय मला अन्न चालायचं नाही." त्यांनी ट्रंक उघडली. आत हिरवं लुगडं होतं, खण होता, नारळ होता, सगळं बार्शीहून बांधून आणलेलं. "मी वाटेत म्हणत होते, परक्या गावात सवाष्ण कुठं शोधू? आणि बघा, घरातच आहे! बसा तुम्ही पाटावर."

बायनाबाईचा हात कपाळाकडं गेला. हे कुंकू तिनं भांडून राखलं होतं. पहिल्या जाहिरातीच्या वेळी रामकिसन म्हणाला होता, विधवा बहीण म्हण, लोकांना कणव येते. तिनं आकांत मांडला होता. तुमी जित्ते असताना मी कुंकू पुसू? चोरी करीन, खोटं बोलीन, पण हे न्हाई करायची. त्याच्या आयुष्यासाठी राखलेलं कुंकू! आता भिवराबाई त्याच कुंकवावर आणखी बोट टेकवत होत्या, हळद लावत होत्या, तिला खांद्याला धरून पाटावर बसवत होत्या. ओटीत नारळ पडला. भरलेलं ताट, ती चेपलेली वाटी, भिवराबाईंनी दोन्ही हातांनी उचलून तिच्यापुढं ठेवलं. "रागावू नका हो बायनाबाई," टाक ताटाशेजारी ठेवून त्या त्याला म्हणाल्या, आणि सुजलेल्या घोट्यांवर कण्हत कण्हत बसून त्यांनी आक्काच्या पायांवर डोकं ठेवलं. "तुमचा संसार मी मोडायला आले नाही. होईल तेवढा नीट करीन."

बायनाबाईनं रामकिसनकडं बघितलं. त्यानं एवढंच म्हणायचं होतं, थांबा. किंवा ठेचकाळल्याचं सोंग करून ताटात पाय घालायचा होता. एरवी किती सोंगं यायची त्याला! तो भिंतीला टेकून उभा होता आणि वाटीकडं बघत होता. तिनं त्याच्या हातात सुटकेची दोरी दिली. "आज माझा उपास हाय ना रे?" ती म्हणाली. "हाय ना?"

त्याचा चेहरा एकदा हलला. मग नीट झाला. "उपास सोमवारी असतो, आक्का," तो म्हणाला. "आज जेव. बाई येवढं करतीया."

तिला रडू आलं नाही. याचंच तिला नवल वाटलं. पत्र ऐकताना आलं होतं आणि आता येत नव्हतं. भीतीसुद्धा एकदम ओसरून गेली, राहिला तो नुसता राग, आणि रागातही ती विचार करत होती. अजून काही बिघडलं नव्हतं. पोटात कळ आली म्हणायचं, बाई तुमीच जेवा म्हणायचं, ताट जिकडं जायचं तिकडं गेलं असतं. संध्याकाळी त्यानं काही घडलंच नाही असं दाखवलं असतं, तिनंही दाखवलं असतं, आणि मग पुढच्या भाकरीपासून, पुढच्या पाण्याच्या घोटापासून ती वास घेऊन खात राहिली असती. जगली असती. किती दिवस? आणि ही बाई अजून तिच्या पायांशी बसून होती, केसांत पांढरं चमकत होतं, मानेला घाम आला होता. या बाईला इथं कुणी आणलं? पाय दुखतात का, असं कुणी विचारलं? रामकिसननं विचारलं नव्हतं. त्याला ते जन्मात सुचलं नसतं.

तिनं वाटी उचलली आणि भिवराबाईंच्या हातात दिली. "त्याला द्या," ती म्हणाली. "त्याला म्हना, माज्या आधी एक घास खा. येकच."

भिवराबाई हसल्या. लग्नघरातली थट्टा समजल्या त्या. "घ्या हो," म्हणत त्यांनी वाटी रामकिसनपुढं धरली. त्यानं हात पुढं केला नाही. "घ्या ना, आक्का म्हणतात तर." त्यानं पाठ भिंतीला लावली, आणखी लावली. भिवराबाईंचा वाटी धरलेला हात तसाच राहिला, आणि त्यांच्या तोंडावरचं हसू हळूहळू कमी होत गेलं. वर्गात खोटं बोलणाऱ्या पोरींची तोंडं वीस वर्षं बघितलेली बाई होती ती. त्यांनी त्याच्याकडं बघितलं, वाटीकडं बघितलं, आणि मग पाटावरच्या बाईकडं बघितलं.

"मी बायना," बायनाबाई म्हणाली. "ह्याची बायकू. मी मेले न्हाई, बाई. त्यात धोतरा हाय. उठा, पयलं भाईर व्हा!"

भिवराबाईंनी किंकाळी फोडली नाही. त्यांनी वाटी पदराखाली झाकून घेतली, सांडू न देता, आणि उंबऱ्याकडं धावल्या. रामकिसन झेपावला तेव्हा बायनाबाई पाटावरून तशीच पुढं पडली आणि तिनं दोन्ही हातांनी त्याचं धोतर धरलं. ओटीतला नारळ गडगडत कुठं गेला. त्यानं तिच्या हातावर लाथ मारली, खांद्यावर मारली. तिनं धरलेलं सोडलं नाही. बाहेर गल्लीत भिवराबाईंचा खणखणीत आवाज चढला, "धावा! पोलिसांना बोलवा!" आणि दारं उघडल्याचे आवाज आले. तेव्हा त्याचं बळ गेलं. तो तिच्याशेजारी खाली बसला, धापा टाकत, आणि आपल्या खऱ्या आवाजात, गेवराईच्या घरात बोलायचा त्या आवाजात म्हणाला, "बायने, हे कावून केलंस? दोगंबी फासावर जानार."

"जाऊ," ती म्हणाली. "भामाबाईची हीर मीच दावनार हाय."

उंबऱ्यात माणसं जमली. पुढच्यानं आत वाकून बघितलं आणि विचारलं, ही जमिनीवर पडलेली कोण? बायनाबाईनं धोतर सोडलं नाही, मान तेवढी वर केली आणि आपलं नाव सांगितलं.